तीन डावी वळणं

ब्रेकमॅडमचा उजवा पाय सतरंजीवर करकचून दाबला गेला, आणि तेव्हाच त्यांना कळलं की आपलं काहीतरी चुकलं.

खोलीत गाडी नव्हती, ब्रेकही नव्हता. दोन खुर्च्या होत्या, मधे टीपॉय, त्यावर पाण्याचा जग. समोरच्या खुर्चीत विशीतलं एक पोर, पाठीवरची सॅक न काढताच कडेला टेकलेलं. ब्रेकमॅडमचा हा आयुष्यातला पहिला क्लायंट. त्यांनी कार्डावरचं नाव वाचलं होतं, बारीक कापलेले केस पाहिले होते आणि दारातच मायेनं विचारलं होतं, "आलास? ये, ये. कसा आलास, बस मिळाली ना?"

दुकानाचं शटर ओढावं तसा पोराचा चेहरा बंद झाला.

"बसनं येणं झालं," ते म्हणालं.

समुपदेशन शिकायला लागण्याआधी ब्रेकमॅडम लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोर कुत्रं येवो की ट्रक, शिकणाऱ्याच्या आधी यांचा पाय पोचलेला असायचा. म्हणून हे नाव. पण गंमत अशी, की स्टिअरिंग हातात आलं की माणसं मनातलं बोलत सुटायची. नजर रस्त्यावर आणि तोंड मोकळं! कुणाचं लग्न मोडत आलेलं, कुणाला गेलेला बाप आठवायचा. ऐकता ऐकता एके दिवशी त्यांना वाटलं, आपल्याला गिअरपेक्षा हेच जास्त जमतंय. त्या पुन्हा वर्गात जाऊन बसल्या तेव्हा नवरा म्हणाला होता, "पन्नाशीला आलीस, आता रिव्हर्स गिअर?"

"रिव्हर्स नाही, यू-टर्न," त्या म्हणाल्या होत्या.

"झोप कशी आहे?" त्यांनी आता पोराला विचारलं.

"लागत नाही."

"घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, दादा. दादानंच इथे यायला सांगितलं."

"आणि दिवसभर काय करतोस?"

पोरानं खिडकीकडे पाहिलं. "कॉलेज असतं. मग चित्रं काढणं होतं."

चित्रं काढणं होतं! असं कोण बोलतं? ब्रेकमॅडमना त्यांचा एक जुना विद्यार्थी आठवला. त्याला उजवीकडे वळायची इतकी धास्ती, की उजवीकडे जायचं असलं तर तो तीन डावी वळणं घेऊन, अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालून पोचायचा. हे पोरही वाक्यावाक्याला तीन डावी वळणं घेत होतं. 'आलो' नाही, 'आले'ही नाही. 'करतो' नाही आणि 'करते'ही नाही.

"पुढच्या मंगळवारी?" वेळ संपल्यावर त्यांनी विचारलं.

"बघू," पोर म्हणालं आणि दार लागलं.

त्यांनी हे सगळं त्यांच्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं. "थेटच विचारून टाकू का?"

बाई चष्मा पुसत राहिल्या. "विचाराल. ते काहीतरी उत्तर देईल आणि परत येणार नाही. आधीच तो 'बघू' मला बरा वाटत नाहीये. आलंच, तर ते नेईल त्या रस्त्यानं चला."

संध्याकाळी घरी ब्रेकमॅडम गप्प गप्प होत्या. खोलीतलं खोलीतच ठेवायचं, हा तर पहिला धडा. मग ताटं मांडता मांडता त्या म्हणाल्या, "आज एक खेळ खेळू. बोलायचं, पण बोलणारी बाई आहे की बुवा, ते कळता कामा नये. 'आलो-आले', 'करतो-करते' बंद. समोरच्याला 'आलास-आलीस'सुद्धा बंद."

"कशासाठी?" लेकीनं विचारलं.

"असंच. खेळ म्हणून."

लेकीनं टेबलाखाली वाकून पाहिलं. "आई, तू थाप मारलीस की तुझा पाय हलतो. आत्ता हलला! पण चालेल, खेळू."

"सोप्पं आहे," बाबा म्हणाले. "मी तर घरात गप्पच असतो."

"असतो! बाद!"

"अगं, अजून सुरू तरी— बरं बाई, हरलो."

"हरलो! दोनदा बाद! बाबा, तुम्ही नुसते जेवा."

लेकीला तर जोरच चढला. "मला भूक लागली. मला शाळेत मजा आली. मला वाढ! बघ आई, 'मला' म्हटलं की सुटका."

"मी आज फार—" ब्रेकमॅडम अडखळल्या. "मला आज फार थकवा आला."

"शाब्बास!"

जेवण संपेपर्यंत त्यांची जीभ खरंच दमली. दर वाक्याआधी पुढचं वळण बघायचं, दर शब्दाला आरसा. आणि हे एका जेवणापुरतं. कुणी रोज उठून दिवसभर असंच बोलत असेल तर? त्या रिकाम्या ताटाकडे बघत बसल्या.

तेवढ्यात बेसिनपाशी लेक किंचाळली. "सापडलं! भविष्यकाळ! मी जाईन, मी खाईन, मी नाचेन. बाबा म्हणू देत नाहीतर मी, एकदम सेम! भविष्यकाळात सगळ्यांना मोकळं रान!"

"मग भांडी मी उद्या घासेन," बाबा म्हणाले.

"आज!" मायलेकी एकदम ओरडल्या.

मंगळवारी ब्रेकमॅडमनी दोन्ही खुर्च्या भिंतीशी नेऊन ठेवल्या आणि उभ्या राहिल्या. वेळ झाली. वेळ टळली. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावर निघून गेली. मग दार जेमतेम किलकिलं झालं.

"ये," त्या म्हणाल्या. "खुर्च्या कुठे ठेवायच्या ते तू ठरव."

पोर जरा गोंधळलं. मग त्यानं दोन्ही खुर्च्या ओढत नेल्या आणि खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी लावल्या. उजवीकडची स्वतःला, डावीकडची मॅडमना. ब्रेकमॅडमना हसू आवरेना. ही बैठक तर त्यांना पाठ होती.

"काय झालं?"

"काही नाही. माझी आवडती जागा मिळाली."

समोरच्या फुटपाथवर एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता. दोघं त्याच्याकडे बघत बोलू लागली. चित्रं कुठवर आलीत, झोप लागते का. बोलता बोलता पोर मधेच थांबलं.

"तुम्ही आज वेगळं बोलताय."

"हं."

"मागच्या वेळी 'आलास' होतं."

"न विचारताच म्हटलं मी. चुकलं माझं."

"मग आता काय म्हणणार?"

"तू सांगशील ते. नाही सांगितलंस तर असंच बोलत राहीन. थोडा सराव झालाय."

पाटीवाल्यानं एक अख्खं अक्षर रंगवलं, खाली उतरून लांबून पाहिलं, पुन्हा वर चढला. ब्रेकमॅडमच्या जिभेवर सगळं आलं होतं. घाई नाही, समजतंय मला, घाबरू नकोस. त्यांनी उजवा पाय डाव्या पायामागे घेतला आणि तिथेच ठेवला.

"आज मी चालत आले."

पाय जागचा हलला नाही.

"चालत?" त्या म्हणाल्या. "लांब आहे की."

"लांबच हवं होतं. वाटभर म्हणत होते, आले, आले, आले. सवय व्हावी म्हणून. तर कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणतो, किती देऊ?"

"मग?"

"मग काय, घेतलं!" ती पोर म्हणाली आणि सॅकच्या खिशातून मातकट आल्याचा मोठा तुकडा काढून तिनं खिडकीत ठेवला.

आधी ब्रेकमॅडम हसल्या, मग ती. इतक्या, की शिडीवरचा माणूस वळून बघायला लागला. हसता हसता तिनं सॅक काढून खाली ठेवली आणि पहिल्यांदाच पाठ टेकली.

निघताना तिनं तुकडा मोडून अर्धा मॅडमच्या हातात दिला.

बाहेर तिचा दादा दोन हेल्मेट घेऊन उभा होता. "झालं का रे? पुढच्या मंगळवारी यायचंय का?"

तिनं क्षणभर मॅडमकडे पाहिलं. "येईन," ती म्हणाली.

"मॅडम, बोलतो का हा काही? घरी तर तोंड उघडत नाही."

ब्रेकमॅडमनी शांतपणे एक डावं वळण घेतलं. "गप्पा छान होतात आमच्या. मंगळवारी वाट बघेन."

हेल्मेटची काच खाली करता करता ती पोर हसली.

घरी लेकीला ओट्यावर तो तुकडा दिसला.

"आई, हे आलं कुठून आलं?"

"चालत आलं," ब्रेकमॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून निवांत बसल्या.

लेकीनं लगेच टेबलाखाली वाकून पाहिलं. पाय हलला नव्हता.