भिंगातून वाचलेला कागद

*कागद, बायकोच्या तोंडून*

"मनगटावर जोर द्यायचा नाही. दोन गोळ्या वर्षभर, एकही दिवस चुकवायची नाही. जिने उतरायचे नाहीत. आणि काम..." ती थांबली. "काम सहा महिने बंद."

"सहा? घड्याळ असं किती जड असतं गं?"

"मला काय विचारता? डॉक्टरांनी लिहिलंय."

मी कागद हातात घेतला. अक्षरांच्या नुसत्या मुंग्या. चष्मा नव्हता.

*चष्मा*

हृदयाच्या ऑपरेशनला आत नेण्याआधी नर्सने चष्मा, अंगठी, कवळी काढून पिशवी बायकोकडे दिली. अंगठी परत आली. कवळी परत आली. चष्मा म्हणे हॉस्पिटलातच राहिला. नवा करायचा तर जिने उतरायला हवेत, आणि ते तर कागदात बसत नव्हतं.

*टेबलावर*

भूल मनगटापुरती. मी जागा होतो. नळी हातातून काळजापर्यंत गेली, कळलंही नाही. रंगाचं औषध सोडलं तेव्हा अंगभर ऊन लाट. पडद्यावर माझ्या हृदयाच्या काळ्या फांद्या, एक मध्येच चिमटलेली.

"फुगा फुगवतोय. छाती दाटेल जरा."

दाटली. मग जाळी बसली आणि फांदी भरून आली. झाकण न उघडता केलेली दुरुस्ती! मला घड्याळजीला हेवा वाटला.

"हात थरथरत नाही हो तुमचा," मी डॉक्टरांना म्हणालो.

"तुमचा थरथरतो?"

"चाळीस वर्षांत नाही."

"मग आठवड्याने बसा की कामाला."

हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "गुंगीत होतात तुम्ही. काहीतरीच ऐकलंत."

मी ते खरं मानलं. तिचं खरं मानायची तीस वर्षांची सवय.

*तेरावा दिवस*

खुंटीवर कामाचा कोट. खिशात भिंग, डोळ्यात धरायचं, दहापट मोठं दाखवणारं. चष्मा गेला तरी घड्याळजीला आणखी एक डोळा असतो. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

कागद नाकाला लावला. एकेक अक्षर.

'बैठे काम: एक आठवड्यानंतर. जिने: सावकाश, चालेल.'

पुन्हा वाचलं. पुन्हा.

*जिने*

बेचाळीस पायऱ्या. छाती गप्प होती.

दुकानात माझ्या टेबलाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकत होती. धाकटा भाऊ त्यांची धूळ झटकत होता.

"दादा! तू? अरे, वहिनी म्हणाली, तूच म्हणालास, आता बस्स झालं."

"मी म्हणालो?"

"म्हणजे... तुझ्या वतीने." तो कव्हरांकडेच बघत राहिला. "तुझ्या बऱ्यासाठीच रे. घड्याळं कोण दुरुस्त करतंय हल्ली?"

"टेबल कुठाय?"

"भंगारात दिलं."

"आणि ड्रॉवर? हत्यारं?"

"त्यासकट."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. रक्त नाही, आवाज नाही. मनगटावरच्या छिद्राएवढीसुद्धा खूण नाही.

*कागद, पुन्हा*

"कुठे गेला होतात? इथे जीव टांगणीला लागलाय माझा!"

मी कागद पुढे केला. "वाच."

"आत्ता?"

"वाच."

"मनगटावर जोर द्यायचा नाही... काम सहा महिने..."

मी भिंग टेबलावर ठेवलं.

तिने कपाट उघडलं, साड्यांच्या तळातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढून भिंगाशेजारी ठेवला.

"दुकानातल्या त्या टेबलावरच कोसळला होतात तुम्ही. पुन्हा तिथे बसला असतात आणि मी..."

तिची भीती खरी होती. तेवढंच खरं होतं.

घड्याळात आठ वाजले. तिने गोळ्या पुढे केल्या, नेहमीसारख्या तळहातावर, पाकिटातून आधीच काढलेल्या.

"पाकिटं आण," मी म्हणालो.

तिने आणली. चष्मा समोर होता, तरी मी भिंगच डोळ्यात धरलं आणि गोळ्यांची नावं कागदाशी जुळवू लागलो, अक्षरामागे अक्षर. ती पाण्याचा पेला धरून उभी होती.

पहिली बरोबर होती. मी दुसरी हातात घेतली.