गुंडेरावांचं मंजन

"म्या बिडी सोडतो, तू मिसरी सोड. बोल, जमतंय का?"

तीस वर्षं झाली त्या बोलण्याला. वैशाख पौर्णिमेची वंदना करून दोघं निर्णा गावच्या बुद्धविहारातून घरी येत होती, आणि वाटेतच गुंडेरावांनी बिड्यांचं बंडल ओढ्यात भिरकावलं. चांगुणाबाईनं नुसती मान हलवली. तोंडानं शब्द दिला नव्हता, एवढाच काय तो आधार तिनं पुढं जन्मभर धरून ठेवला.

आताशा तिच्या खालच्या दातांच्या मुळाशी काळपट कीट धरलं होतं, दगडासारखं. हिरड्यांतून रक्त यायचं. गुंडेरावांनी ते जिवाला लावून घेतलं. सकाळी बांधावरच्या बाभळीच्या दोन काड्या आणायचे, एक तिला, एक स्वतःला. मग बाभळीच्या सालीचा कोळसा, सैंधव, लवंग, वाळवलेला पेरूचा पाला असं खलबत्त्यात कुटून फडक्यानं गाळायचे. गुण आला नाही की नवा जिन्नस.

"तुमच्या दातांत बघून भांग पाडावा, असे हायती," ती पदराआडून म्हणायची. "मंजन चांगलंच हाय."

"मग तुझे कामून न्हाईत?"

यावर ती भांडी घासायला उठायची.

ते रानात गेले की गोठ्याच्या कोनाड्यातली डबी निघायची. शेजारच्या सिद्धम्मानं तव्यावर तंबाखू भाजून, कुटून दिलेली मिसरी. बोट दातांवरून फिरलं की जीव निवायचा, आणि निवला की तोच जीव खायला उठायचा. एकदा तूर निवडताना ओवी ओठांवर आली,

बाभळीची काडी, मोडिते अर्ध्यात
लपविलं काय बाई, ओठांच्या पडद्यात

पुढची ओळ तिनं गिळून टाकली.

आज गुंडेराव हुमनाबादच्या दातांच्या डॉक्टरला विचारून आले. ओसरीवर टेकले.

"मंजनानं रोजचा मळ जातो म्हनला. घट्ट बसलेलं कीट न्हाई जात, त्ये मशीननंच काढाया लागतंय. उद्या जाऊ. आन् इचारायलता, मालकीन मिसरी लावती का म्हून. म्या म्हनलं, तीस वर्षं झाली सोडून. माझ्या शबदाखातर सोडली तिनं."

मग खलबत्ता उचलून ते माळ्यावर ठेवायला निघाले. "उगं कुटलं वर्षभर. माझ्या हातालाच गुण न्हाई, चांगुणा."

कोळशानं काळवंडलेली ती बोटं तिला बघवेनात. तिनं त्यांचं मनगट धरलं. पदर तोंडावरून सुटला, तो तिनं सावरला नाही.

"ठिवू नका त्यो वर. तुमच्या हाताला गुण हाय," ती म्हणाली. "मिसरी म्या सोडलीच न्हाई. तवाबी न्हाई, आन् आजबी न्हाई."