रिकामे नंबर

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणायचो. टेबलावर पेन तिरकं पडलेलंसुद्धा त्यांना खपायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणी उठून गेलं की त्याची खुर्ची सरळ करून ठेवायचे. आम्ही हसायचो. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात येणार!

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमचा औषध माहिती विभाग. तान्ह्या बाळांना कोणतं औषध किती द्यायचं याचं पुस्तक आम्ही तयार करतो. ते छापत नाहीत, वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर उघडतात. प्रत्येक डोसच्या मागे कुठला ना कुठला संशोधनाचा लेख असतो, आणि ते सगळे लेख संदर्भ सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले असतात. लेख आत टाकला की सॉफ्टवेअर त्याला नंबर देतं, आल्या क्रमानं. लेख पुसला तर त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो, पुन्हा कुणालाही मिळत नाही. मधली जागा रिकामी राहते ती कायमचीच. मला त्याचा हा स्वभाव आवडायचा. माणसं गेलेल्याची खुर्ची थंड व्हायच्या आत तिथे दुसऱ्याला बसवतात, हे बापडं तसं करत नाही.

आमची एक खास पद्धत होती. पुस्तकाच्या मजकुरात आम्ही डोस लिहायचोच नाही. तिथे फक्त लेखाचा नंबर टाकायचो, आणि डोस त्या लेखाच्या नोंदीत एका रकान्यात भरून ठेवायचो. बटण दाबलं की ज्या त्या नंबराचा डोस पुस्तकात येऊन बसायचा. नोंद एकदा दुरुस्त केली की पुस्तकभर दुरुस्त. या युक्तीचं आम्हाला कोण कौतुक!

मध्ये मी रजेवर होते. वहिनी बाळंत झाली, आणि दुसऱ्याच दिवशी बाळाला आकडी आली. बाळ आमच्याच हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत. दादा नुसता येरझाऱ्या घालायचा आणि वहिनीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. मी तिला म्हटलं, "वहिनी, अगं इथे अंदाजपंचे काही चालत नाही. आमच्या पुस्तकात बघूनच औषध देतात." तिला तेवढाच धीर आला. मलाही आला. आकडी थांबली, बाळाला पेटीतून काढून वहिनीच्या खोलीत आणलं, औषध तेवढं चालू ठेवलं. मग मी कामावर हजर झाले.

इस्त्रीसाहेब खुशीत होते. "या आत्याबाई! तुम्ही नव्हतात तेवढ्यात मी एक मोठी साफसफाई उरकली."

"कसली साफसफाई?"

"तुमच्या त्या लेखांच्या नंबरांची. काय ती भोकं! मधेच एखादा गायब, मधेच तीन गायब. तपासणीला कुणी आलं आणि विचारलं, हे कुठे गेले, तर काय सांगणार होतो आपण? सगळे लेख नव्या फाइलीत घेतले. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग."

"नव्या फाइलीत घेतले म्हणजे सगळ्यांना नवे नंबर पडले असतील."

"पडणारच. तेच तर हवं होतं."

"आणि पुस्तकातले नंबर?"

"पुस्तकाला मी कशाला हात लावू? नवी फाइल जोडली, बटण दाबलं, झालं. एक चूक दाखवली नाही त्यानं. सुरुवातीची पानं मी स्वतः ताडून पाहिली, अगदी तंतोतंत. कालच वॉर्डात चढवलं."

सुरुवातीची पानं बरोबर असणारच होती. त्या पानांचे लेख आम्ही सगळ्यात आधी टाकलेले, आणि पहिल्या भोकाच्या आधीचे सगळे लेख जागच्या जागी होते. त्या भोकापुढे मात्र प्रत्येक जण एक घर मागे सरकला होता, पुढच्या भोकापाशी आणखी एक, मग आणखी. पुस्तक जुने नंबर मागत होतं आणि सॉफ्टवेअर त्या नंबरावर आता जो कुणी बसला असेल त्याचा डोस मुकाट्यानं आणून देत होतं. चूक दाखवील कशाला? शेवटी टाकलेले लेख पुस्तकात अजून घेतलेच नव्हते, त्यामुळे मागितलेला एकही नंबर रिकामा निघाला नाही; त्याच्या लेखी कुठे काही बिघडलंच नव्हतं.

मी आकडीच्या औषधाचं पान उघडलं. औषधाचं नाव बरोबर. संशोधकांची नावं तीच, सालही तेच, कारण त्या मंडळींनी त्या वर्षी दोन लेख लिहिले होते आणि आम्ही ते लागोपाठ टाकले होते. एक तान्ह्या बाळांवरचा. दुसरा मोठ्या माणसांवरचा, नुसता तुलनेसाठी ठेवलेला, श्वासाच्या मशीनवर ठेवून त्यांना गाढ झोपवण्याबद्दलचा. पानावर दुसऱ्याचा डोस होता. बाळाला हवा त्याच्या कितीतरी पट.

"पुस्तक काढा वॉर्डातून," मी म्हटलं.

"असं कसं काढणार? वरून मंजुरी..."

"काढा म्हणते ना!" मी ओरडले. त्यांच्यावर आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ. त्यांनी निमूटपणे माऊस हातात घेतला. मी वॉर्डाला फोन लावला, तो कुणी उचलेना. मग रिसीव्हर तसाच टाकून जिन्याकडे धावले. लिफ्टची वाट बघायला मला धीर नव्हता.

वहिनीच्या खोलीबाहेर सिस्टर सिरिंज भरत उभ्या होत्या. मी त्यांचा हातच धरला. "सिस्टर, थांबा. हा डोस चुकलाय. देऊ नका."

"अहो मॅडम, पुस्तकात बघूनच लिहिलाय डॉक्टरांनी. बदललाय ना डोस? नवं पुस्तक आलंय तुमचं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "पण सकाळचा तर दिला मी."

"डॉक्टरांना बोलवा. पळा!"

मी दार ढकललं. वहिनी उशीला टेकून बसली होती, बाळ तिच्या मांडीवर. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला दिसत होता. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, हळू हं. कित्ती शांत झोपलंय बघा ना. सकाळपासून हूं नाही की चूं नाही. प्यायलासुद्धा उठलं नाही लबाड."

मला तिच्याकडे बघवेना. मी वाकले, दुपटं बाजूला केलं आणि बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. मग जरा जोरात मारली.

"ताई, अहो उठेल ना ते!" वहिनी म्हणाली.

बाळानं पाय ओढून घेतला नाही.