उणे एकच्या जवळची जोडी

ताईच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे रेकॉर्डकीपरने दोन कंपन्यांत गुंतवले, तेही रीतसर अभ्यास करून. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये त्याला एवढं पक्कं कळलं होतं, की एकेकटा शेअर बघायचाच नाही, जोडी बघायची. एक पडला की दुसरा चढला पाहिजे. दोघांच्या सहसंबंधाचा आकडा उणे एकच्या जितका जवळ, तितकी झोप निवांत.

त्याने हीटरची एक कंपनी घेतली, आइस्क्रीमची एक. पाच वर्षांचे भाव कॉम्प्युटरात भरले. उत्तर आलं अधिक शून्य पूर्णांक आठ. म्हणजे दोघं गळ्यात गळे घालून हिंडणारे!

मग त्याचं लक्ष रकान्यांकडे गेलं. आकडे नुसते वर-खाली उड्या मारत होते. तीस वर्षं रेकॉर्डरूम सांभाळलेल्या माणसाला हे कसं बघवणार? त्याच्याकडे डावं रॅक चढत्या क्रमाने, उजवं उतरत्या, म्हणजे एका फेरीत जाऊन-येऊन फायली हाताला लागतात. रकानेही त्याने तसेच लावले. उत्तर आलं उणे शून्य पूर्णांक सत्त्याण्णव. हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

चार महिन्यांत दोन्ही कंपन्या निम्म्यावर आल्या. ऑपरेशनची तारीख तोंडावर, म्हणून विकणं भाग पडलं. ताईची लेक स्टॅटिस्टिक्स शिकत होती. तिने फाइल उघडली.

"मामा, तारखा कुठायत?"

"गचाळ दिसत होत्या. काढल्या."

"आणि दोन्ही रकाने वेगवेगळे लावलेस? अरे, जानेवारीच्या भावाशेजारी ऑगस्टचा भाव बसलाय! असं लावलं तर तुझं वजन आणि बटाट्याचा भावसुद्धा उणे एकच देतील."

"पण मशीननेच सांगितलं ना..."

"तू विचारलंस तेच सांगितलं."



हॉस्पिटलच्या काउंटरवर त्याने सगळं ताईच्या कानावर घातलं. पैसे एकाच डोळ्यापुरते उरले होते. ताईने चाचपडत फॉर्म त्याच्याकडे सरकवला.

फॉर्मवर दोन चौकोन होते, डावा आणि उजवा. ताईला ते दिसत नव्हते, म्हणून पेन त्याच्या हातात. पण हात काही पुढे सरकेना.

"कुठला गं, ताई?"

"उजव्यावर खूण कर," ताई म्हणाली. "आणि यापुढे माझ्या डाव्या बाजूला बसत जा. निदान तू तरी दिसणार नाहीस."