विकतचं फूल

चतुराबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि घर खायला उठू नये म्हणून अमरावतीच्या गुलाब मंडळात आल्या. तेव्हा जानेवारीतल्या प्रदर्शनाला सभागृहात टेबलं पुरत नसत. दर्यापूरकडची मंडळी बादल्यांत फुलं घेऊन बसने येत. पुढे एकेक जण थकला. कुणाच्या अंगणात मुलाची गाडी उभी राहिली, कुणी पुण्याला लेकीकडे गेलं, कुणी गेलंच. नवं माणूस काही आलं नाही. वर्गणीतून सभागृहाचं भाडं निघेना, म्हणून उरलेल्यांनी चार वर्षं पदरचे पैसे घातले. यंदा प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी, खजिनदार किशोरभाऊ म्हणाले, "बाई, हे शेवटचं. आता नाई होत." कुणी वाद घातला नाही.

नत्थुजी तेवढे तिथे नव्हते. मंडळ त्यांनीच उभं केलेलं. एसटीच्या वर्कशॉपमधले जुने मेकॅनिक. हाताचं काळं ग्रीस धुवायचे आणि कलमं बांधायला बसायचे. बायको वारल्यावर मुलाने इथलं घर विकलं आणि त्यांना अकोल्याला फ्लॅटवर नेलं. ते उशिरा पोचले, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एकच फूल छातीशी धरून.

"गॅलरीत कुंडी ठेवली, सिस्टर. तिचं हाय," ते म्हणाले, पण चतुराबाईंकडे न बघता.

बाईंनी फूल बाटलीत ठेवायला घेतलं आणि त्यांचा हात थबकला. हातभर सरळ दांडी, तिच्यावरचे काटे सफाईने खरवडलेले. नाकाजवळ नेलं, तर वास नाही. लग्नाच्या बुकेत असतात तसलं दुकानातलं फूल. घरचंच फूल आणायचं, हा नियम नत्थुजींचाच. एका वकिलाला त्यांनी भर सभेत विकतचं फूल परत न्यायला लावलं होतं.

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. फुलांपेक्षा पांढरी चादरच जास्त दिसत होती. त्यांनी बाटली मधोमध ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'स्पर्धेसाठी नाही'. नत्थुजींनी चष्मा वर करून ती वाचली. बक्षीस किशोरभाऊंच्या, कडा करपलेल्या लहानशा गुलाबाला मिळालं, तेव्हा सगळ्यांत आधी टाळी नत्थुजींनीच वाजवली.

दुपारी चतुराबाई त्यांना ऑटोने बसस्टँडवर सोडायला गेल्या. अकोल्याची बस लागायची होती. बाकावर बसल्यावर नत्थुजी म्हणाले, "ओळखलं ना तुमी?"

"हो."

"कुंडी होती. खोटं नाई बोलून राहिलो. पण उत्तरेकडची गॅलरी, ऊनच येत नाई. दिवाळीलेच वाळली. मंग वाटलं, गेल्या साली अर्धं टेबल खाली होतं. रिकाम्या हातानं कसा येऊ?" ते थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "तुमच्याकडची एक फांदी द्या मले. सुनेले सांगतो, गच्चीवर ठेवू दे. पुढच्या साली घरचंच आणीन."

हो म्हणणं सोपं होतं. दवाखान्यात चतुराबाईंनी रुग्णांच्या कितीतरी नातेवाइकांना असं खोटं हो म्हटलं होतं. इथे जीभ उचलेना.

"नत्थुजी, पुढच्या साली प्रदर्शन नाई. मंडळ बंद केलं आमी. तुमी यायच्या आधीच ठरलं."

समोरून एक बस धूळ उडवत गेली. नत्थुजींनी मान हलवली, जणू कुणी वेळापत्रक सांगितलं होतं.

"मले कोणी सांगितलं नाई," ते म्हणाले. मग खिशातून फुलाचं फडकं काढून, "मंग विकतचं नव्हतं आणाले पाह्यजे, सिस्टर. शेवटचं होतं त."

चतुराबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. रुग्णाची नाडी बघायला घ्यायच्या तसा नाही, नुसताच धरला. अकोल्याची गाडी लागली. कंडक्टरने त्यांना वर ओढून घेतलं. खिडकीजवळ बसल्यावर नत्थुजींनी वळून पाहिलं नाही. फडकं तेवढं मांडीवर ठेवून ते त्याची घडी घालत राहिले, उलगडून पुन्हा घालत राहिले, आणि बस राजापेठकडे वळेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या.