'इतर'मधल्या 'आणखी'मध्ये

"पेन ड्राइव्ह लावल्यावर 'काय करू?' विचारणं म्हणजे पाहुण्याला 'पाणी हवंय का?' विचारणं. द्यायचं नसलं की माणूस विचारतो!" आपोआप छाती काढून म्हणाला, आणि प्लेअरमधला अख्खा मेनू त्याने एका बोटाने उडवला.

ऑफिसात त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. गाणी-व्हिडिओ लावायच्या प्लेअरमध्ये कशाने आपोआप काय व्हावं, हे ठरवणं त्याचं काम; म्हणून तो आपोआप. आता त्याने ठरवलं होतं: ड्राइव्ह लागला की सगळ्यात नवी फाइल, पडदाभर, पूर्ण आवाजात. विषय संपला.

"आणि 'थांबवा' कुठं गेलं?" चाचणीवाल्या बाईंनी विचारलं.

"'इतर'मध्ये."

"तिथं नाहीये."

"'इतर'मधल्या 'आणखी'मध्ये. शंभरात तीन जण वापरतात, बाई!"

"त्या तिघांत बसायची वेळ तुमच्यावर न येवो म्हणजे झालं."

ती वेळ यायला चार दिवस पुरले.

त्याची ताई शाळेतून निवृत्त होत होती. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा, ताई एकोणीसची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, अभ्यासाला बसवलं, आणि लग्नाचं विचारणाऱ्यांना "आधी हा मार्गी लागू दे" म्हणून वाटेला लावलं. हा मार्गी लागला, तोवर त्या विचारणाऱ्यांची पोरं ताईच्याच वर्गात बसत होती.

निरोप समारंभासाठी त्याने आईच्या आवाजाची एकुलती एक जुनी टेप साफ करून घेतली. ताईने तो आवाज चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. 'ताई' नावाचं फोल्डर त्याने उचललं आणि जसंच्या तसं ड्राइव्हवर टाकलं.

सभागृहातही प्लेअर तोच. साउंडवाल्याने ड्राइव्ह लावला. प्लेअरने काही विचारलं नाही. पडद्यावर बनियनमधला आपोआप उगवला, नुसतं डोकंच चार फुटांचं. आदल्या दिवशी घरी केलेली भाषणाची तालीम होती ती. सगळ्यात नवी फाइल.

"ताईने माझ्यासाठी लग्न केलं नाही," पडद्यावरचा गहिवरला. मग समोर बसलेल्या बायकोकडे बघून फिसकन हसला. "खरं सांगू? माझ्यासाठी कसलं! तिचा तो करवती आवाज ऐकून कोण नवरदेव उंबरा ओलांडणार होता? माझं निमित्त झालं, आणि तिची झाकली मूठ राहिली!"

मागच्या रांगेतल्या ठार बहिऱ्या माजी शिपायालासुद्धा त्या दिवशी सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"अहो, थांबवा!" आपोआप ओरडला.

"कुठून? बटणच नाही! कुठल्या दीडशहाण्याने बनवलंय हे?" साउंडवाल्याला घाम फुटला.

"'इतर'मध्ये जा!"

"गेलो!"

"आता 'आणखी'!"

आवाज बंद झाला. साउंडवाल्याने मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण धरणीत तशी काही आपोआप सोय नव्हती.

ताई फुलांचा गुच्छ खुर्चीवर ठेवून उठली. "निघते रे. उगाच माझा आवाज कानाला लागायचा तुझ्या."

आईची टेप राहूनच गेली.

आठ दिवस ताईने फोन उचलला नाही. इकडे आपोआपला आरशात बघून दाढी करवेना.

"तोंड काय लपवता? जा ना समोर," बायको म्हणाली.

समोर जायचं धाडस नव्हतं. त्याने माफी रेकॉर्ड केली. "ताई, माझी जीभ झडो. याच ड्राइव्हवर आईचा आवाज आहे, तेवढा ऐक." ती त्याने त्याच ड्राइव्हवर घातली. तालमीची फाइल पुसायला गेलं तर बोट लागताच ती वाजायला लागणार. ती सोयही त्याचीच. पुन्हा ते ऐकायची त्याची छाती झाली नाही. असू दे, सगळ्यात नवी माफीच आहे, आधी तीच लागेल. बायकोच्या हाती ड्राइव्ह ताईकडे गेला.

त्याच दुपारी, जनाची नाही तर मनाची म्हणून, त्याने ऑफिसात नियम बदलला. 'थांबवा' पडद्याच्या मधोमध आणलं. आणि ड्राइव्ह लागला की नवी फाइल नाही, मागच्या वेळी जिथं थांबलं तिथून पुढे. ती खूण प्लेअर आधीपासूनच ड्राइव्हवर ठेवत असे.

"आता कसं माणसात आलात!" चाचणीवाल्या बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत नवा प्लेअर घरोघरी पोचला. ताईकडेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने चष्मा पुसला, ड्राइव्ह लावला. प्लेअरने काही विचारलं नाही. "तिची झाकली मूठ राहिली"च्या पुढचं हसणं पूर्ण आवाजात सुरू झालं.