ब्याण्णव मैलांची रांग

कुरिअरवाला लोवेल बर्गच्या शोरूममध्ये पत्र देऊन गेला तेव्हा आर्डिस कोलार तिथेच कॉफी पीत बसली होती. आत तिच्या पिकअपचं ऑइल बदलायचं काम चाललं होतं. लोवेलने पाकीट फोडलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि शेजारच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकला.

"काय रे, कोण गेलं?" आर्डिसने विचारलं.

"आपलं दुकान गेलं, मिसेस कोलार," तो म्हणाला. "नऊ जूनपर्यंत बंद करा म्हणतायत."

दोन हजार नऊचा मे महिना होता. गाड्यांची कंपनी डबघाईला आली होती आणि तिने एका फटक्यात देशभरातली शेकडो दुकानं बंद करायचं ठरवलं होतं. नेब्रास्कातल्या हार्मन या चौदाशे वस्तीच्या गावातलं बर्गचं दुकान त्यातलंच एक. लोवेलच्या बापाने ते अठ्ठेचाळीस साली उघडलं होतं. गावातली निम्मी वाहनं तिथूनच आलेली, आणि बिघडली की तिथेच जायची.

आर्डिस एकाहत्तर वर्षांची होती. चौतीस वर्षं तिने गावच्या शाळेची बस चालवली होती. त्यामुळे पन्नाशीच्या आतला प्रत्येक जण तिला अजून 'मिसेस कोलार' म्हणायचा आणि तिच्यासमोर जरा सरळ उभा राहायचा. नवरा मायलो डायलिसिसवर होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायची. जानेवारीतल्या एका बर्फाळ सकाळी पिकअप अर्ध्या रस्त्यात बंद पडली, तेव्हा लोवेलचा मेकॅनिक डुएन वीस मिनिटांत दुकानातली दुसरी गाडी घेऊन हजर झाला होता. किल्ली तिच्या हातात देऊन तो म्हणाला होता, "तुम्ही निघा, हिचं मी बघतो." लोवेलचं बोलणं ऐकताना तिला आठवली ती तीच सकाळ.

नऊ जूनला क्रेन आली. खांबावरची साठ वर्षांची पाटी उतरवायला दोन माणसांना चाळीस मिनिटं लागली. अर्धं गाव रस्त्यापलीकडे उभं राहून बघत होतं. लोवेल बाहेर आलाच नाही. डुएनने आपल्या हत्यारांचे खण टेपने चिकटवून बंद केले. त्याला शहरात नोकरी मिळत होती, महिनाअखेर तो जाणार होता.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या सगळ्या गाडीवाल्यांच्या घरी कंपनीची छापील पत्रं आली. यापुढे आपल्या वाहनाची वॉरंटीतली सगळी कामं शहरातल्या आमच्या भव्य केंद्रात होतील. पहिली तपासणी मोफत. आधी वेळ घेण्याची गरज नाही, कधीही या, आम्ही आपली वाट पाहत आहोत. ते भव्य केंद्र ब्याण्णव मैलांवर होतं.

त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात गाव जमलं. वॉल्ट स्वोबोदा नावाचा धिप्पाड शेतकरी पत्राचा बोळा हातात धरून गरजत होता.

"मी माझी गाडी नेऊन त्यांच्या दारात पेटवून देतो!"

"आणि घरी कसा येशील? चालत?" त्याची बायको म्हणाली.

कोणी म्हणालं, सेनेटरला लिहू. कोणी म्हणालं, लिहिलंय, उत्तर नाही. कोणी म्हणालं, यापुढे दुसऱ्या कंपनीच्या गाड्या घेऊ. पण दारातल्या गाडीची तीन वर्षांची वॉरंटी बाकी असताना हे बोलणं सोपं होतं, करणं नाही.

आर्डिस मागच्या बाकावर चष्मा लावून ते पत्र पुन्हा वाचत होती. मग ती उठली.

"गप्प बसा जरा," ती म्हणाली, आणि सगळे गप्प बसले. "इतकं प्रेमाने बोलावलंय त्यांनी. वेळ घ्यायची गरज नाही म्हणतायत, कधीही या म्हणतायत. मग जाऊ या ना."

"जाऊ या म्हणजे कोण?" वॉल्टने विचारलं.

"सगळे. एकाच दिवशी. मंगळवारी, कारण बुधवारी मायलोचं असतं."

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग डुएन खदखदून हसायला लागला. "तिथे गाड्या वर उचलायचे जॅक चार आहेत," तो म्हणाला. "चारच!"

"एक अट," आर्डिस म्हणाली. "कोणी आवाज चढवायचा नाही. 'प्लीज' आणि 'थँक यू' म्हणायचं. वॉल्ट, विशेषतः तू. बसमध्ये मागच्या सीटवर काय करायचास ते मी विसरलेले नाही."

मंगळवारी पहाटे साडेपाचला गावच्या धान्याच्या कोठारापाशी त्यांनी मोजलं तेव्हा एकशे एकोणचाळीस गाड्या भरल्या. शेजारच्या दोन गावांतली दुकानंही गेली होती, तिथलेही लोक आले होते. पिकअप, मिनीव्हॅन, दोन म्हाताऱ्या बहिणींची एक लाल दोन-दारी गाडी. मायलोसुद्धा पांघरूण घेऊन आर्डिसच्या शेजारी बसला होता. "घरी बसून मी काय करू? हे चुकवायचं म्हणजे..." एवढंच तो म्हणाला. दिवे लावून रांग निघाली. पुढे आर्डिस, ताशी पंचावन्न मैल, एक मैल जास्त नाही की कमी नाही. दोन्ही बाजूंना मका गुडघ्याला येत होता. आरशात मागे दिव्यांची माळ टेकडी चढताना दिसत होती.

केंद्र आठला उघडलं. ब्रेट नावाचा पस्तिशीचा मॅनेजर काचेच्या दारातून हसत बाहेर आला आणि त्याचं हसू हळूहळू मावळत गेलं. रांग फाटकातून बाहेर, सिग्नल ओलांडून थेट हायवेपर्यंत गेली होती.

"गुड मॉर्निंग," आर्डिसने पत्र पुढे केलं. "तुम्ही आमची वाट पाहताय असं कळलं."

"हे... हे सगळे?"

"सगळे. वेळ घ्यायची गरज नाही असं लिहिलंय. आणि हे घ्या, कोलाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव. सकाळीच भाजलेत."

दुपारपर्यंत अठरा गाड्या झाल्या. बाकीच्यांनी घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या उघडल्या आणि डबे काढले. शेतकरी शोरूममधल्या प्रत्येक नव्या पिकअपमध्ये बसून आले, प्रत्येकीचा हॉर्न वाजवून पाहिला आणि "थँक यू" म्हणाले. शहरातली नेहमीची गिऱ्हाइकं फाटकातून आत येईनात. त्या दोन बहिणींनी स्वागतकक्षातल्या मुलीला विणकामाचा एक टाका शिकवला. वॉल्टने तर दर तासाला जाऊन इतक्या गोड आवाजात "माझा नंबर कितवा हो?" विचारलं की ब्रेटला घाम फुटला. स्थानिक टीव्हीची गाडी आली आणि तीही रांगेत अडकली.

दोन वाजता ब्रेट आर्डिसपाशी आला. टाय सैल झाला होता.

"मॅडम, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"तपासणी."

"खरं सांगा."

आर्डिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ओठाला कोलाचेची साखर लागली होती.

"माझ्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा यंत्राला लावतात तेव्हा तो जगतो," ती म्हणाली. "माझी गाडी बंद पडली तर मी ब्याण्णव मैल येऊ की त्याला नेऊ? आमच्या गावात जॅक आहेत, हत्यारं आहेत, तीस वर्षांचा अनुभव असलेला मेकॅनिक आहे. फक्त वॉरंटीच्या कामाला तुमच्या कंपनीचा कागद नाही. तुझं काही चुकलेलं नाही, बाळा. पण तीन महिन्यांनी पुन्हा ऑइल बदलायचं असतं ना, तेव्हाही आम्ही सगळे असेच येऊ."

ब्रेटने बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच, तिच्यासमोर, कंपनीच्या विभागीय साहेबाला लावला.

"सर, हार्मनचे लोक आलेत... नाही सर, काही लोक नाही, हार्मन आलंय." पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होतं. "नाही, ओरडत नाहीयेत. खायला घालतायत... सर, ऐका. आज दिवसभर मी एकही गाडी विकलेली नाही. मला ही माणसं नकोत. म्हणजे माणसं चांगली आहेत, पण मला झेपणार नाहीत. त्यांचं वर्कशॉप त्यांना परत द्या. मी लेखी देतो. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हीच इथे येऊन उभे राहा."

त्याने फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "माझे वडील वायोमिंगच्या एका गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचे," तो पुटपुटला.

त्या दिवशी एकेचाळीस गाड्या झाल्या. उरलेल्या तशाच परत निघाल्या, पण हॉर्न वाजवत.

बारा दिवस काहीच झालं नाही. डुएनने शहरात खोली पाहिली. लोवेल दिवसा दुकानाचे पडदे ओढून बसू लागला. गावात लोक म्हणायला लागले, मजा आली एवढंच खरं. आर्डिस मायलोला नेत होती, आणत होती, आणि रोज दुकानासमोरून जाताना वेग कमी करत होती.

एकोणतीस जूनला तिला दुकानाचे पडदे उघडे दिसले. लोवेल रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि दोन्ही हात हलवत होता. तिने ब्रेक मारला.

"आला!" तो खिडकीत डोकं घालून ओरडला. "मिसेस कोलार, कागद आला! नव्या गाड्या विकायच्या नाहीत, पण वॉरंटीची सगळी कामं इथेच करायची. शेजारच्या दोन्ही गावांचीसुद्धा. पाटीवर नाव आपलं लावायचं!" आणि पन्नाशीला टेकलेला तो माणूस तिच्या खिडकीवर कपाळ टेकून रडायला लागला.

"अरे, रस्त्यातून बाजूला हो आधी," आर्डिस म्हणाली. "आणि डुएनला फोन केलास का?"

"तो आत हत्यारं लावतोय."

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बॅंडच्याही पुढे बर्गचा टोइंग ट्रक होता. आर्डिसला वर चढवून खुर्चीत बसवलं होतं, आणि ती सारखी म्हणत होती की मला खाली उतरवा, मी काय महाराणी आहे का. मुख्य रस्त्यावर दोन्ही कडेला लोक बसले होते. ट्रक समोर आला तशी पहिल्यांदा वॉल्ट स्वोबोदा उठला, मग त्याची बायको, मग त्या दोन बहिणी, आणि मग रस्ताभर सगळे उभे राहिले. गावात मिरवणुकीत फक्त झेंड्यासाठी उभं राहायची पद्धत होती. औषधाच्या दुकानासमोर चाकाच्या खुर्चीतला मायलो टोपी काढून हलवत होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "ती वर बसलीय ना, ती माझी बायको."